क्रॅपी वर पाहतो, म्हणून जिग त्याच्या डोक्यावर हवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीकडचे एक गृहस्थ नोकरीनिमित्त नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी इथे राहायला आले आहेत. लहानपणापासून खाडीवर गरवायची सवय. मार्च सुरू झाल्यापासून जॉर्डन लेकच्या काठावर फ्लोट (तंगुसीवरचा तरंगता तुकडा) आणि लहान जिग (डोक्याशी शिसं ओतलेली गरी) लावून क्रॅपी हा गोड्या पाण्यातला मासा धरायचा प्रयत्न चालू आहे. पहाटे जातात, दहापर्यंत थांबतात, पाच-सहा रंग बदलून झाले, तरी फ्लोट बुडत नाही. बोट नाही आणि घ्यायचीही नाही. कोणता रंग चालतो, आणि काठावरून हे जमतं का?

काठावरून जमतं. किंबहुना वर्षातले हेच काही आठवडे काठावरच्या माणसाचे असतात, कारण एरवी खोल पाण्यात राहणारा हा मासा आता स्वतः काठाकडे येतो. रंगाचं नंतर सांगतो. वर्णनावरून मला वाटतं, तुमचा जिग बहुतेक वेळ माशाच्या खाली राहतोय आणि तुम्ही तलावावर दिवसाच्या सगळ्यात थंड वेळेला उभे राहताय.

खाडीवर आपण शिसं तळाला टेकवतो, तंगूस बोटावर धरतो आणि शेंगाळ्याची किंवा तांबोशीची वाट बघतो. मासा तळाशी चरत येतो, त्याला आमिष तिथेच हवं असतं. क्रॅपीचा स्वभाव याच्या उलट आहे. त्याचे डोळे डोक्यात वरच्या बाजूला आहेत आणि तोंड वर उघडतं. तो बुडालेल्या झाडाच्या फांद्यांत जवळजवळ स्थिर उभा राहतो, वरून जाणारी बारीक मासळी बघतो आणि सावकाश वर येऊन ती ओढून घेतो. त्याच्या एक फूट वर लटकणारा जिग त्याला लांबूनही दिसतो. एक फूट खाली गेलेल्या जिगकडे तो सहसा वळत नाही, थंड पाण्यात तर नाहीच. म्हणून फ्लोटकडे मी मासा लागल्याची खूण सांगणारी वस्तू म्हणून पाहत नाही. ते त्याचं दुय्यम काम. जिगला ठरवलेल्या खोलीवर, हवा तितका वेळ, न बुडू देता धरून ठेवणं हे त्याचं खरं काम आहे. वसंताच्या सुरुवातीला याला इतकं महत्त्व का, ते कळण्यासाठी पाण्याचं तापमान समजून घ्यावं लागतं.

जॉर्डनमध्ये क्रॅपीच्या दोन्ही जाती मिळतात. काळ्या क्रॅपीच्या अंगावर विस्कटलेले ठिपके असतात आणि पाठीच्या पराला सात-आठ काटे. पांढऱ्याच्या अंगावर फिकट उभे पट्टे आणि काटे पाच-सहा. पांढरा गढूळ पाणी जास्त सहन करतो. पकडण्याच्या पद्धतीत फारसा फरक नाही. विणीच्या दिवसांत नर इतका काळा पडतो की नवख्याला तिसरीच जात वाटते, तेवढं लक्षात ठेवा.

आता तापमान. पाणी ४५ ते ५० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७ ते १० सेल्सिअस असतं, तेव्हा क्रॅपी फाट्यांच्या, म्हणजे ओढे मिळतात तिथे आत गेलेल्या तलावाच्या शाखांच्या, तोंडाशी, जुन्या ओढ्याच्या पात्राजवळ, १२ ते २० फुटांवर थव्याने असतो. तिथे बोटवाल्यांचं राज्य. पाणी ५० च्या वर गेलं की थवे फाट्यांत शिरू लागतात. ५५ च्या आसपास ते फाट्याच्या मध्यावर येतात आणि उतारावरची बुडालेली झाडं, पुलाचे खांब, दगडी भराव अशा ठिकाणी ६ ते १० फुटांवर थांबतात. ६० ओलांडलं की उथळात, दोन ते सहा फुटांवर, झुडपांच्या मुळाशी नर घरटी साफ करतात, आणि ६० ते ६८ या पट्ट्यात अंडी घातली जातात. ही चाल एका दिशेने सरळ होत नाही. चार उबदार दिवस आले की मासा पुढे येतो, थंडीची एक लाट आली की मागच्या उतारावर जातो. शनिवारी चार फुटांवर मिळालेला मासा पुढच्या शनिवारी नऊ फुटांवर असू शकतो, ठिकाण तेच. तुम्ही फ्लोटची खोली बदलली नाही तर तलाव रिकामा वाटतो.

पाण्यात टाकायचा साधा थर्मामीटर दोरीला बांधून जवळ ठेवा. माझ्या मते ती या मोसमातली सगळ्यात उपयोगी वस्तू आहे, आणि दोन पाकिटं जिग घेण्याआधी ती घ्यावी. झाडंही सांगतात. आमच्या भागात रेडबड गुलाबी-जांभळा झाला की क्रॅपी फाट्यांत आलेला असतो, आणि डॉगवुड पांढरा फुलला, पाइनचा पिवळा पराग पाण्यावर साय धरू लागला, की उथळात बघायचं. न्यू जर्सी किंवा ओहायोतल्या मराठी मित्रांनी हेच सगळं साधारण महिनाभर पुढे ढकलावं, टेक्सासवाल्यांनी मागे ओढावं. तारखेपेक्षा तापमानावर विश्वास ठेवा.

आणि म्हणूनच पहाट नको. उन्हाळ्यात पहाटे जाणं बरोबर, पण मार्चमध्ये रात्रभर निवलेलं पाणी सूर्योदयाला सगळ्यात थंड असतं. दुपारी दोननंतर, उन्हात तापलेल्या उथळ गढूळ कोपऱ्यात तेच पाणी काही अंशांनी वर गेलेलं असतं आणि तेवढ्यावर बारीक मासळी तिथे येते, तिच्यामागे क्रॅपी. दुपारी दोन ते अंधार पडेपर्यंत, त्यातही शेवटचा एक तास. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे सरकतं, मग कामावरून सुटल्यावरही वेळ मिळतो.

जागा निवडताना फाट्याचा उत्तरेकडचा काठ धरा. सूर्य दक्षिणेकडून कलता असल्यामुळे त्या काठावर दिवसभर ऊन पडतं आणि उत्तरेच्या थंड वाऱ्यापासून मागच्या झाडीचा आडोसा मिळतो. दक्षिणेकडून उबदार वारा दोन दिवस वाहिला असेल, तर तो वरचं तापलेलं पाणी याच काठावर आणून लावतो. वारा तोंडावर येतो, फेकायला त्रास होतो, पण तिथेच उभं राहावं. पुलांच्या भरावाचे दगड ऊन धरून ठेवतात. फॅरिंग्टन रोडच्या पुलाजवळ वसंतात माणसांची रांग दिसते ती उगाच नाही. मॉर्गन क्रीक, व्हाइट ओक क्रीक यांसारखे फाटे पायी चालून बघा. राज्याच्या वन्यजीव आयोगाने तलावात माशांसाठी मुद्दाम झाडोरा टाकलेला आहे, त्याच्या जागा ते जाहीर करतात आणि पाण्यावर खुणेचे तरंगते खांब असतात. त्यातल्या काठाजवळच्या जागा नकाशावर खूण करून ठेवा.

जॉर्डनच्या पातळीकडेही लक्ष हवं. लष्कराच्या अभियंता विभागाने केप फिअर नदीचा पूर अडवण्यासाठी हे धरण बांधलं. नेहमीची पातळी समुद्रसपाटीपासून २१६ फूट, पसारा सुमारे १४ हजार एकर. वसंतात जोराचा पाऊस झाला की खालच्या गावांसाठी पाणी अडवून ठेवतात आणि तलाव काही फूट चढतो. मग एरवी कोरडी असणारी काठची झुडपं पाण्यात जातात आणि क्रॅपी त्यात शिरतो. अशा वेळी लांब फेकणारे लोक माशांच्या डोक्यावरून फेकत असतात. दहा फुटांचा बारीक रॉड घ्या, फ्लोट जिगच्या दोन फूट वर लावा आणि न फेकता झुडपांच्या फटीत अलगद सोडा. पातळी रोज जाहीर होते, ती निघण्याआधी बघावी. पाणी उतरायला लागलं की मासा झुडपांतून लगेच बाहेर पडतो.

साहित्य साधंच आहे, पण वजनांचा मेळ बसला पाहिजे. साडेसहा ते सात फुटांचा हलका रॉड, लहान स्पिनिंग रील, चार किंवा सहा पाउंडांची साधी नायलॉनची तंगूस. वेणीची तंगूस इथे मला नको वाटते. ती ताणत नाही, आणि क्रॅपीच्या तोंडाचा पडदा कागदासारखा पातळ असतो, हिसक्याने फाटतो. जिग १/३२ औंसाचा, म्हणजे एक ग्रॅमपेक्षा थोडा कमी. वारा असेल किंवा आठ फुटांखाली जायचं असेल तर १/१६ औंस. अगदी थंडीत १/६४. त्यावर दीड-दोन इंचांचं मऊ प्लास्टिक किंवा मराबूची, म्हणजे मऊ भुरभुरीत, पिसं. पाणी ५५ च्या खाली असताना मी पिसांचा जिगच लावतो, कारण तो स्थिर लटकत असला तरी पिसं पाण्यात श्वास घेतल्यासारखी हलतात. प्लास्टिकला तेवढं हलण्यासाठी ओढावं लागतं.

जिग आडवा लटकला पाहिजे, पोहणाऱ्या मासळीसारखा. नाक वर करून उभा लटकणारा जिग क्रॅपी बघतो आणि सोडून देतो. त्यासाठी जिगच्या कडीत सैल फासाची गाठ मारा, किंवा घट्ट गाठ असेल तर ती कडीच्या वरच्या बाजूला सरकवा. प्रत्येक माशानंतर आणि प्रत्येक अडकण्यानंतर ती सरकते. दर वेळी हाताने नीट करायची सवय लावून घ्या.

फ्लोट दोन प्रकारचे लागतील. चार-पाच फुटांपर्यंत तंगुसीवर पक्का बसणारा छोटा फ्लोट पुरे. त्याहून खोल असेल तर फेकताना जिग आणि फ्लोट यांतलं अंतर रॉडइतकं होतं आणि फेकताच येत नाही. तिथे सरकता फ्लोट हवा. तंगुसीवर आधी दोऱ्याचा स्टॉपर (सरकवता येणारी गाठ), मग मणी, मग फ्लोट आणि टोकाला जिग. फेकताना फ्लोट जिगजवळ असतो. पाण्यात पडल्यावर जिग तंगूस ओढत खाली जातो आणि स्टॉपर मण्याला टेकला की थांबतो. आठ फूट ठरवले तर दर वेळी आठ फूट.

यातली नेहमीची अडचण अशी की १/३२ औंसाच्या जिगमध्ये तंगूस ओढून नेण्याइतकं वजन नसतं. फ्लोट पाण्यावर आडवा पडून राहतो, जिग दोन फुटांवर लोंबकळतो, आणि आपण आठ फुटांवर गरवतोय असं समजत बसतो. जिगच्या फूट-दीड फूट वर शिशाची एक बारीक गोळी चिमटवा. फ्लोट उभा राहीपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजा आणि तो उभा राहिलाच पाहिजे हा नियम धरा. फ्लोट निवडतानाही बारीक, लांबट घ्या, आणि जिग व गोळीच्या वजनाने फक्त त्याचं टोक पाण्याबाहेर राहील असा जमवा. बाजारातले लाल-पांढरे मोठे गोल फ्लोट दिसायला सोपे, पण थंड पाण्यातला क्रॅपी जिग तोंडात घेऊन एक-दोन इंचच सरकतो. तेवढ्यात त्याला गोल फ्लोटचा जोर जाणवतो आणि तो जिग थुंकतो.

खोली शोधायची रीत अशी. स्टॉपर वर सरकवत जा, तोपर्यंत की जिग तळाला टेकतो आणि फ्लोट आडवा पडतो. ती तिथली तळाची खोली. तिथून स्टॉपर दीड फूट खाली घ्या आणि सुरुवात करा. दहा मिनिटांत घास नाही तर आणखी एक फूट खाली घ्या, म्हणजे जिग एक फूट वर. असं तळापासून अर्ध्या पाण्यापर्यंत वर येत राहा. पहिला मासा लागला की स्टॉपरला हात लावू नका, कारण थवा एकाच पातळीवर असतो. त्यानंतरचे मासे भराभर मिळाले आणि मग थांबले, तर जिग आणखी एक फूट वर घेऊन बघा. थव्यातले वर बघणारे मासे जिगच्या मागे वर सरकलेले असतात. जागा बदलण्याआधी एवढं करावं. पण एवढं करूनही अर्ध्या तासात काही नाही, तर मात्र चालू लागा. या मोसमात मासा सगळीकडे पसरलेला नसतो, एका पडलेल्या झाडावर दहा आणि शेजारच्या तीनवर एकही नाही, असं असतं.

जिग हलवायचा किती? वाटतं त्याहून खूप कमी. फेकल्यावर फ्लोट उभा राहू द्या आणि पंधरा सेकंद काहीही करू नका. मग रॉडचं टोक चार-सहा इंच हलवा, म्हणजे जिग किंचित वर उचलला जाऊन पुन्हा खाली लटकतो. पुन्हा थांबा. घास बहुतेक वेळा या थांबण्यातच येतो. वाऱ्याने पाण्यावर लहान लाटा असतील तर तेवढंही नको, फ्लोट वरखाली होतो आणि जिग आपोआप नाचतो. पाणी आरशासारखं असेल तर जिगच्या गरीवर वासाची एक छोटी गोळी किंवा लहान जिवंत मासळी लावल्याने फरक पडतो. मिनो म्हणून ती आमिषाच्या दुकानात मिळते.

आता घास ओळखणं. फ्लोट बुडतो तो घास सगळ्यांना कळतो. पण मासा खालून येऊन जिग घेतो आणि वरच राहतो, तेव्हा फ्लोटवरचं वजन निघून जातं आणि तो हळूच आडवा पडतो. तुम्हाला वाटतं जिग तळाला टेकला. खोली मोजलेली असेल तर तसं असू शकत नाही हे माहीत असतं, आणि लगेच उचलता येतं. माझा अंदाज आहे की तुमचे बरेच घास असेच गेले असतील. फ्लोट बाजूला सरकणं, अर्धा सेंटिमीटर दबून तसाच राहणं, लाटेबरोबर न हलणं, हे सगळे घासच समजा. उचलायचं म्हणजे हिसका नाही. रीलने ढिली तंगूस गोळा करत रॉड बाजूला सावकाश ओढा, गरी बसते. रीलचा ड्रॅग, म्हणजे तंगूस सुटण्यावरचा दाब, सैल ठेवा, तंगूस एक क्षणही ढिली सोडू नका आणि मासा जाळीत घ्या. तंगुसीला लटकवून काठावर ओढला की मोठा मासाच तोंड फाडून परत पडतो.

थंडीची लाट येऊन गेल्यानंतरचा दिवस सगळ्यात अवघड. निळं स्वच्छ आकाश, उत्तरेचा वारा, हवेचा दाब चढलेला. मासा फार लांब गेलेला नसतो, जवळच्या उतारावर दोन ते चार फूट खाली सरकून फांद्यांना चिकटून बसलेला असतो. स्टॉपर तेवढा वर घ्या, १/६४ औंसाचा जिग लावा, थांबण्याचा वेळ दुप्पट करा, आणि फांद्यांच्या इतक्या जवळ टाका की काही जिग गमवावे लागतील. दोन दिवस उबदार गेले की तो पुन्हा वर येतो.

रंग. पीडमाँटची, म्हणजे राज्याच्या या मधल्या पट्ट्याची, माती लाल, त्यामुळे पावसानंतर पाणी चहासारखं होतं. तेव्हा पोपटी-पिवळा, किंवा काळ्याबरोबर पोपटी. पाणी निवळलं की पांढरा, राखाडी, निळसर झाक असलेला, म्हणजे बारीक शॅड मासळीसारखा. ढगाळ संध्याकाळी काळा. हे तीन जवळ असले की काम होतं. खोली बरोबर असताना रंगाने दोन मासे जास्त मिळतात, खोली चुकलेली असताना कोणताही रंग कामाचा नाही.

नियमांची माहिती असू द्या. १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला राज्याचा परवाना लागतो, तो ऑनलाइन मिळतो. जॉर्डनमध्ये दिवसाला २० क्रॅपी आणि किमान लांबी १० इंच हा नियम आहे, तरी दर वर्षीची नियमपुस्तिका पाहूनच जा. मोजपट्टी खिशात ठेवा, साडेनऊ इंची मासा परतच सोडायचा. अगदी उथळात मिळालेला गडद काळा नर घरट्यावर पहारा देत असतो. अंडी फुटून पिल्लं निघेपर्यंत काही दिवस तो तिथून हलत नाही. कायदा तो ठेवायला मनाई करत नाही, पण मी त्यातले बहुतेक सोडतो आणि घरी नेण्यासाठी सहा-सात फुटांवरचे मासे निवडतो. एका घराला आठ-दहा मासे भरपूर होतात. घरात गरोदर बाई किंवा लहान मुलं असतील, तर कोणत्या पाण्यातला मासा किती खावा याची राज्याच्या आरोग्य खात्याची सूचना आधी वाचा.

मासे बर्फात न्या, बादलीत नको. क्रॅपीचं मांस पांढरं, नाजूक आणि सौम्य, बांगड्यासारखी स्वतःची जोरकस चव नाही. दोन्ही बाजूंच्या फिले काढून कातडी उतरवली की काटे जवळजवळ राहत नाहीत, बरगडीचे तेवढे सुरीने काढायचे. मीठ, हळद, लाल तिखट आणि आगळ अगदी थोडं लावा. फार वेळ मुरत ठेवू नका, मांस विरघळल्यासारखं होतं. तांदळाचं पीठ आणि रवा, तवा चांगला तापलेला, आणि प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटं. तुकडी पातळ असते, उलटताना रुंद उलथनं घ्या.